ॲनोरेक्सियातून सावरताना पोषण-पावडरचा डबा: कुठे कामाला येतो, कुठे नाही

औषधांच्या दुकानात मागच्या फळीवर रांगेने लावलेले पोषण-पावडरचे डबे मराठी घरांना नवे नाहीत. ऑपरेशन झालेल्या आजोबांसाठी, केमोथेरपी चालू असलेल्या मावशीसाठी ते आणले जातात. एन्शुअर हे त्यातलं सगळ्यांत ओळखीचं नाव, पण त्याच जातीच्या इतर कंपन्यांच्या पावडरीही भरपूर आहेत. आता हा डबा आणखी एका कारणाने घरात येऊ लागला आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने, कधी मुलानेही, महिनोन्महिने जेवण तोडत आणलेलं असतं. मुलीची पाळी थांबलेली असते, हातपाय गार पडतात, केस गळतात. ॲनोरेक्सियाचं, म्हणजे खाणं तोडत जाण्याच्या या मानसिक आजाराचं, निदान झाल्यावर, पुष्कळदा त्याच्याही आधी, कुणीतरी सांगतं की पावडर चालू करा, ताकद येईल. हे परीक्षण त्या एका वापरापुरतं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. कर्बोदकं, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वं आणि खनिजं एकत्र असलेली ‘संपूर्ण आहार’ जातीची पावडर ही चांगली वस्तू आहे. ॲनोरेक्सियात ती दोन ठिकाणी फार उपयोगी पडते: घट्ट अन्न पोटात उतरत नाही त्या सुरुवातीच्या आठवड्यांत, आणि ताटात उरलेल्या अन्नाची भरपाई म्हणून. बाकी बहुतेक कामं घरचं दूध तितक्याच चांगल्या रीतीने आणि स्वस्तात करतं. मात्र माप चुकलं तर डब्याचे पैसे पाण्यात जातात, आणि पहिल्या दहा दिवसांत काळजी घेतली नाही तर तो धोक्याचाही ठरू शकतो.

ग्लासात नेमकं काय पडतं

या जातीच्या पावडरीत १०० ग्रॅममागे साधारण ४३० कॅलरी असतात. डब्यावर लिहिलेलं एका ग्लासाचं माप बहुधा ५० ते ५५ ग्रॅमचं असतं. डब्यातल्या लहान चमच्याने मोजलं तर ते सहा सपाट चमचे होतात. कंपनीगणिक चमचा बदलतो, म्हणून पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकदा खात्री करून घ्यावी. ही पावडर दोनशे मिलिलिटरला जरा कमी एवढ्या पाण्यात कालवली की सव्वादोनशे-अडीचशे मिलिलिटरचं पेय तयार होतं आणि त्यात सुमारे २३० कॅलरी असतात. एका मिलिलिटरला एक कॅलरी, हा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. अर्धा ग्लास उरला तर किती कमी पडलं ते लगेच कळतं.

घरोघरी होते ती चूक याच मापाची. डबा आणला जातो आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यातले दोन चमचे कपभर दुधात ढवळून दिले जातात, लहान मुलांच्या चॉकलेट पावडरीसारखे. दोन लहान चमचे म्हणजे जेमतेम १८ ग्रॅम, म्हणजे ७५-८० कॅलरी. दूध पातळ पिशवीचं असेल तर अख्ख्या कपात दोनशेही भरत नाहीत. घरच्यांना वाटतं मुलगी रोज पावडर घेते आहे, डॉक्टरांनाही तेच सांगितलं जातं, आणि वजनाचा काटा हलत नाही. दोष पावडरीवर जातो. खरं पाहता तिला लिहून दिलेल्या मात्रेचा तिसरा हिस्साच मिळत असतो.

कालवायची रीत साधी आहे, पण तीही बिघडते. आधी ग्लासात उकळून कोमट केलेलं पाणी घ्यावं, मग पावडर थोडी थोडी सोडत ढवळावी. उलट केलं तर तळाशी गोळा बसतो. तो गोळा चमच्याने काढून टाकला जातो आणि त्याबरोबर कॅलरीही जातात. कढत पाणी वापरू नये, प्रथिनं गाठाळतात आणि काही जीवनसत्त्वं उष्णतेने कमी होतात. कालवलेलं पेय लगेच प्यावं, नाहीतर झाकून फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांच्या आत संपवावं. उघडलेला डबा फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण आत ओल धरते. कोरड्या जागी घट्ट बंद करून ठेवावा आणि तीन आठवड्यांत संपवावा. मापापेक्षा घट्ट पेय एका दमात दिलं तर पोटात कळ येते, जुलाब होतात. अशा मुलीच्या आतड्याला महिनोन्महिने पुरेसं काम नसतं, साखरेचं घट्ट पाणी ते एकदम झेलू शकत नाही. म्हणून सुरुवातीला २० ते ३० मिनिटं घेत घोट घोट प्यायला द्यावं.

डबा फोडायच्या आधी

उपाशी शरीराला अन्न मिळू लागल्यावरच धोका उभा राहतो, हे घरच्यांना पटायला जड जातं. कारण असं आहे. दीर्घकाळ कमी खाल्ल्यावर शरीर साखरेऐवजी स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून चालतं. इन्शुलिन खाली गेलेलं असतं. पेशींमधले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांचे साठे आटलेले असतात, पण रक्तातला आकडा मात्र ठीक दिसतो. कर्बोदकं आत आली की इन्शुलिन वर जातं, साखर पेशींत शिरते आणि रक्तातली ही तिन्ही खनिजंही तिच्याबरोबर आत ओढली जातात. त्या साखरेपासून ऊर्जा करायला फॉस्फेट लागतं आणि थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वही लागतं. मागणी एकाएकी वाढते आणि साठा तर नसतोच. रक्तातलं फॉस्फेट कोसळलं की हृदयाची लय बिघडू शकते, श्वासाचे स्नायू दमतात, अंगावर सूज येते, भ्रम होतो, झटकेही येतात. याला डॉक्टर रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात.

मोठ्या माणसांत रक्तातल्या फॉस्फरसचा आकडा १०० मिलिलिटरमागे साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम असतो, वाढत्या वयात तो थोडा वर असतो. घसरण बहुतेकदा खाणं वाढवल्यापासून दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान दिसते. म्हणून पहिल्या दिवशीचा चांगला रिपोर्ट हाती घेऊन निर्धास्त होऊ नये, तपासणी पुन्हा करावी लागते. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: अशक्तपणासाठी म्हणून लॅबमध्ये जे ठरावीक पॅकेज केलं जातं त्यात हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड असतं, पण फॉस्फरस आणि मॅग्नेशियम पुष्कळदा नसतं. डॉक्टरांकडून ही दोन नावं चिठ्ठीवर वेगळी लिहून घ्यावीत, सोबत पोटॅशियम आणि ईसीजी.

थायमिनच्या बाबतीत डब्यावर विसंबता येत नाही. लेबलवर ब-१ लिहिलेलं असतं हे खरं, पण एका ग्लासात ते मिलिग्रॅमच्या एका अंशाइतकं असतं, निरोगी माणसाच्या रोजच्या गरजेच्या हिशेबाने. धोका असलेल्या रुग्णाला ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनात रोज २०० ते ३०० मिलिग्रॅम थायमिन, अन्न वाढवायच्या आधीपासून पहिले दहा दिवस, असं सांगितलेलं आहे. ही गोळी स्वस्त आहे. मात्रा डॉक्टर ठरवतील, पण विचारायचं राहू नये.

गल्लीतल्या दवाखान्यात ‘अशक्तपणा आहे, सलाईन लावू’ म्हणून चढवल्या जाणाऱ्या ग्लुकोजच्या बाटलीबद्दल इथे बोललंच पाहिजे. ५०० मिलिलिटरच्या पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. शंभर कॅलरीसुद्धा नाहीत. म्हणजे पोषण जवळपास शून्य, पण इन्शुलिन उसळवायला आणि उरलंसुरलं थायमिन संपवायला ती पुरेशी असते. दीर्घकाळ उपाशी असलेल्या मुलीला थायमिनशिवाय ती लावणं टाळलंच पाहिजे. आपल्याकडची साबुदाण्याची खीर किंवा पेज हलकी म्हणून पहिल्या दिवशी भरपूर दिली जाते, तिथेही तेच होतं. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात फॉस्फरस नगण्य. त्याऐवजी दूध हाताशी असावं. दुधात साखर, प्रथिनं आणि फॉस्फरस एकत्र येतात, १०० मिलिलिटरमागे नव्वद-शंभर मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस, आणि म्हशीच्या दुधात त्याहून थोडा जास्त. डबा निवडताना लेबलवरचा फॉस्फरसचा आकडा पाहून दुधाशी ताडून पाहावा.

किती कॅलरींनी सुरुवात करावी यावर पूर्वी फार सावध सल्ला मिळायचा, इतका की रुग्ण रुग्णालयातही आणखी वाळायचे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को आणि स्टॅनफर्ड इथल्या रुग्णालयांत १२ ते २४ वर्षांच्या १२० रुग्णांवर झालेल्या चाचणीने हे चित्र बरंच बदललं. एका गटाला १४०० कॅलरींपासून आणि दुसऱ्याला २००० पासून सुरुवात करून दिली. दुसऱ्या गटाची प्रकृती तीन दिवस आधी स्थिर झाली आणि त्यांच्या रक्तातली खनिजं पहिल्या गटापेक्षा जास्त बिघडली नाहीत. पण हे सगळं रुग्णालयात, रोजच्या तपासणीखाली झालं, आणि अतिशय कृश झालेले रुग्ण त्या चाचणीत घेतलेच नव्हते. हे आकडे वाचून घरी तसंच सुरू करू नये. जागेपणी नाडी मिनिटाला ५०च्या खाली असेल, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, अनेक दिवस अन्न जवळजवळ बंदच असेल किंवा वजन फार झपाट्याने उतरलं असेल, तर पहिला ग्लास रुग्णालयातच दिला जावा. घरी सुरू केल्यावर पायावर सूज, धाप, छातीत धडधड, असंबद्ध बोलणं यातलं काही दिसलं तर त्याच क्षणी दाखवावं.

एक ग्लास कुठे जिरतो

डब्याबद्दलची मोठी तक्रार अशी ऐकू येते: ‘महिना झाला, रोज एक ग्लास घेते, तरी अंगी लागत नाही.’ इथे चयापचय समजून घेतल्याशिवाय हिशेब लागत नाही.

दुष्काळात घर जसं धान्य पुरवून पुरवून वापरतं, तसं उपाशी शरीर आपला खर्च कमी करतं. थायरॉइडचं टी-३ हे संप्रेरक खाली येतं, नाडी मंदावते, अंगाचं तापमान उतरतं, चरबीतून येणारं लेप्टिन हे संप्रेरक तळाला जातं आणि त्याच्यामागोमाग पाळी थांबते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून हे मोजलं. त्यांचं वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटलं, विश्रांतीतला ऊर्जाखर्च जवळपास ४० टक्क्यांनी उतरला. त्या धडधाकट पुरुषांच्या मनात दिवसभर अन्नाचेच विचार चालू झाले, ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटं चाटून पुसू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. ॲनोरेक्सिया असलेली मुलगी तासन्‌तास पाककृतींचे व्हिडिओ पाहते, घरच्यांसाठी केक करते आणि स्वतः खात नाही, ते पाहून आईवडील गोंधळतात. त्यातलं बरंचसं उपासमारीने मेंदूवर केलेलं काम असतं.

अन्न सुरू झालं की उलटं होतं. खाली गेलेला खर्च काही दिवसांत वर येऊ लागतो आणि ॲनोरेक्सियातून सावरणाऱ्यांमध्ये तो पुष्कळदा अपेक्षेपेक्षा बराच पुढे जातो. जेवणानंतर अंग तापतं, रात्री घामाने कपडे ओले होतात. म्हणून ज्या कॅलरींवर पहिल्या आठवड्यात वजन वाढलं, त्याच कॅलरींवर तिसऱ्या आठवड्यात ते थांबतं. पुढच्या टप्प्यात दिवसाला ३००० कॅलरी, काहींना त्याहूनही जास्त लागतात. मिनेसोटातल्या तरुणांनाही, जे गमावलं ते भरून काढायला, कित्येक महिने चार हजारांच्या घरात खावं लागलं. व्यायामशाळेतल्या यंत्रावर किंवा मोबाइलवरच्या सूत्राने काढलेला ‘तुमचा बीएमआर’, म्हणजे विश्रांतीतला ऊर्जाखर्च, इथे कामाचा नाही. ती सूत्रं निरोगी लोकांवरून बांधलेली आहेत. उपाशी अवस्थेत ती खर्च जास्त दाखवतात आणि सावरताना गरज कमी दाखवतात.

आता ग्लासाचा हिशेब करा. एक किलो वजन परत यायला रोजच्या खर्चावर साधारण सात-आठ हजार कॅलरी लागतात. घरी राहून आठवड्याला अर्धा किलो वाढवायचं म्हटलं, तर दररोज पाचशेहून जास्त कॅलरी वर पडायला हव्यात. म्हणजे पूर्ण मापाचे दोन ग्लास आणि वर थोडं, तेही आधीच पुरेशा असलेल्या जेवणाच्या वर. एक ग्लास, आणि तो प्यायल्यावर ‘आता पोट भरलं’ म्हणून टाळलेली अर्धी पोळी व आमटी, यात हाती काहीच लागत नाही.

शरीराच्या या बाजूबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पावडर पाजताना घरात जी भांडणं होतात त्यांच्याशी तिचा संबंध आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय जनुकीय अभ्यासात ॲनोरेक्सियाच्या १६,९९२ रुग्णांची तुलना ५५,५२५ इतर लोकांशी केली गेली. जनुकसंचात आठ जागा सापडल्या, आणि या आजाराचं जनुकीय नातं मानसिक आजारांइतकंच रक्तातली साखर, स्निग्ध पदार्थ आणि शरीराची ठेवण यांच्याशीही दिसलं. वजन घटवणं बहुतेकांना कठीण जातं, कारण शरीर प्रतिकार करतं. या मुलामुलींच्या शरीरात तो प्रतिकार कुठेतरी वेगळा चालतो, असं संशोधकांना वाटतं. ‘हट्टी आहे’, ‘लाडावली आहे’ म्हणून ओरडून पाजलेला ग्लास बेसिनमध्ये ओतला जातो तो याचमुळे. शांतपणे, शेजारी बसून, वाटाघाटी न करता दिलेला ग्लास पोटात जाण्याची शक्यता खूप जास्त असते.

पोट भरल्याची तक्रार, आणि पातळ अन्नाचा फायदा

आपल्याकडच्या अनेक रुग्णांच्या तोंडून जाड होण्याची भीती ऐकायलाच मिळत नाही. त्या म्हणतात, दोन घासांत पोट गच्च होतं, गॅस होतो, मळमळतं. मग महिनोन्महिने ॲसिडिटीच्या गोळ्या चालतात. ही तक्रार खोटी नसते. उपासमारीत जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतो, घट्ट जेवण तासन्‌तास पोटात बसून राहतं. पातळ पदार्थ त्यामानाने लवकर पुढे सरकतात. डब्याचा खरा फायदा इथे आहे. ज्या मुलीला भाकरी आणि पालेभाजी खरोखरच जड जाते तिला त्याच वेळात २३० कॅलरी द्रवरूपात देता येतात. नियमित खाणं चालू राहिलं की जठराची गती काही आठवड्यांत सुधारते, आणि ती सुधारायचा मार्ग खाणं हाच आहे.

या काळात सॅलडची मोठी वाटी, मोड आलेली कच्ची कडधान्यं, भरपूर ताक यांनी पोट भरू देऊ नये. बद्धकोष्ठासाठी इसबगोल घेतला तर पोट आणखी फुगतं. डॉक्टरांना विचारून दुसरं औषध घ्यावं. उत्तेजक जुलाबाची औषधं तर घरात हाताला लागतील अशी ठेवूच नयेत.

ताटात उरलेल्या अन्नाच्या भरपाईची पद्धत रुग्णालयांतून आलेली आहे. कुटुंबाने उपचारात पुढाकार घ्यायची रीत लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात विकसित झाली. त्यात सुरुवातीच्या टप्प्यात काय आणि किती खायचं हे आईवडील ठरवतात. घरी ही पद्धत अशी वापरता येते: जेवणाला ३० मिनिटं, मधल्या खाण्याला १५ मिनिटं. वेळ संपल्यावर जे उरलं त्याच्या कॅलरींइतकं पेय लगेच, त्याच टेबलावर. अर्धी तूप लावलेली पोळी आणि अर्धी वाटी वरण उरलं असेल तर सव्वाशे-दीडशे कॅलरी, म्हणजे अर्ध्या ग्लासाहून थोडं जास्त. मोजमाप आईने ओट्यापाशी करावं, मुलीसमोर बोलू नये. त्यानंतर तासभर कुणीतरी सोबत बसावं, उलटी काढण्याची किंवा खोलीत व्यायाम करण्याची ऊर्मी त्याच तासात जास्त असते. हे फार थकवणारं काम आहे. दोन मोठ्या माणसांनी वाटून घेतलं तरच ते टिकतं.

कोणता डबा नको

एकाच कंपनीच्या फळीवर चार-पाच प्रकार असतात आणि मुलगी स्वतः दुकानात गेली तर नेमका चुकीचा उचलते. मधुमेहींसाठीची पावडर नको. तिची रचनाच साखर हळू चढावी आणि पोट जास्त वेळ भरलेलं राहावं अशी असते. नुसत्या प्रथिनांची, कमी चरबीची पावडर नको. स्नायू परत यायला प्रथिनं लागतात हे खरं, पण एकूण ऊर्जाच कमी असेल तर शरीर तीच प्रथिनं इंधन म्हणून जाळतं. जेवणाऐवजी प्यायचे वजन घटवणारे शेक तर घरातच नकोत. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीच्या काही पावडरींत फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवलेला असतो. आपल्याला हवं त्याच्या हे अगदी उलट आहे.

झिंकबद्दल विचारणा होते. त्याच्या कमतरतेने चव मंदावते, आणि ॲनोरेक्सियात झिंक दिल्याने वजनवाढीचा वेग सुधारल्याचे छोटे अभ्यास आहेत. डॉक्टरांनी दिलं तर घ्यावं, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नये. हाडांसाठी मात्र कोणतीही पावडर वजन आणि पाळी परत येण्याची जागा घेऊ शकत नाही, कॅल्शियम कितीही लिहिलेलं असो. पाळी ‘आणण्यासाठी’ दिलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तस्राव होतो आणि सगळं ठीक झालं असं वाटतं, हाडं मात्र तशीच विरत राहतात.

घरचा ग्लास

२५० मिलिलिटर फुल क्रीम दूध, ३० ग्रॅम म्हणजे चार मोठे चमचे दूध पावडर, एक मध्यम केळं आणि २० ग्रॅम काजू किंवा भाजलेल्या शेंगदाण्यांची बारीक पूड मिक्सरमधून काढली तर सव्वापाचशे-साडेपाचशे कॅलरी आणि वीस ग्रॅमच्या पुढे प्रथिनं मिळतात, साधारण पावणेचारशे मिलिलिटरमध्ये. डब्यातल्या पेयापेक्षा हे दीडपट दाट आहे. फॉस्फरसही उत्तम. साखर दोन चमचे वाढवली की आणखी ४० कॅलरी. दूध पचत नसेल, पोट गुडगुडत असेल, तर पहिले पंधरा दिवस लॅक्टोज नसलेली पावडर आणि नंतर थोडं थोडं दूध, असं करावं. बहुतेकांना ते पुन्हा पचू लागतं. जेवणात वरून टाकलेलं एक चमचा तूप ४५ कॅलरी देतं आणि जागा व्यापत नाही. शेंगदाण्याचा लाडू, तुपातला शिरा, खोबरं घातलेली आमटी ही सावरण्याच्या काळातली उत्तम खाणी आहेत.

मग डबा का घ्यायचा? कारण घरच्या पेयात भांडण शिरतं. किती साय काढली, काजू किती घातले, दूध कोणतं, यावर मुलगी आईच्या मागे ओट्यापाशी उभी राहते. डब्याचं माप ठरलेलं असतं, तिथे वाद कमी. जीवनसत्त्वं आणि खनिजंही पुरेशी येतात. आणि आई कामावर असताना आजी किंवा काका तोच ग्लास त्याच मापाने देऊ शकतात.

याच ठरलेपणात डब्याची मोठी उणीवही आहे. लेबलवर कॅलरी छापलेल्या असतात, म्हणून काहींना तो अन्नापेक्षा ‘सुरक्षित’ वाटू लागतो. ग्लास बिनतक्रार जातो, पण पुरणपोळीचा तुकडा जात नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने २००८ साली दाखवलं की वजन परत आलेल्या रुग्णांपैकी ज्यांचं खाणं विविध आणि ऊर्जेने दाट होतं त्यांची पुढची वाटचाल जास्त चांगली झाली. म्हणून वजन सलग काही आठवडे वाढत राहिलं की एकेक ग्लास त्याच कॅलरीच्या खऱ्या खाण्याने बदलावा. आधी चार वाजताचा, त्याच्या जागी उपमा आणि दूध, मग सकाळचा. एका आठवड्यात एकाहून जास्त बदल करू नये. वजन अडलं तर आधीचा ग्लास परत आणावा.

बुलिमियात, म्हणजे अनावर खाऊन मग उलटी वगैरे करून ते बाहेर काढण्याच्या आजारात, आणि नुसत्या अनावर खाण्याच्या आजारात हा डबा जवळपास निरुपयोगी आहे. तिथे दिवसभर रोखून धरलेली भूक संध्याकाळी बांध फोडते. जेवणाच्या जागी शेक ठेवला तर तोच बांध आणखी उंच होतो. दर तीन-चार तासांनी साधं, खरं जेवण हाच तिथला पाया. उलट्या होत असतील तर पोटॅशियम तपासावं, आणि उलटीनंतर लगेच दात न घासता साध्या पाण्याने चूळ भरावी, आम्लाने मऊ झालेलं दातांवरचं आवरण ब्रशने झिजतं. कणीदारपणा, वास किंवा गुदमरण्याची भीती यांमुळे मोजकेच पदार्थ खाणाऱ्या लहान मुलांना मात्र, एखादी चव आवडली तर, या पावडरीचा चांगला आधार मिळतो.

खरेदीचं थोडं. ४०० ग्रॅमच्या डब्यात पूर्ण मापाचे जेमतेम साडेसात ग्लास निघतात. दिवसाला दोन ग्लास धरले तर डबा चार दिवसांच्या आत संपतो आणि महिन्याला आठ डबे लागतात. हा खर्च आधी मांडून मगच ठरवावं, कारण परवडत नाही म्हणून चमचे कमी होत जातात आणि पुन्हा दोन चमच्यांवर गाडी येते. एक ग्लास डब्याचा आणि एक घरचा, ही बहुतेक घरांना झेपणारी वाटणी आहे. सुरुवातीला लहान पॅक घेऊन चव ठरवावी. व्हॅनिला कॉफीत किंवा खिरीतही खपतो, चॉकलेट काहींना भीतीचा वाटतो. हे औषध नाही, खाद्यपदार्थ म्हणून विकलं जातं, त्यामुळे चिठ्ठीशिवाय मिळतं. म्हणूनच दुकानातून थेट घरी येण्याआधी डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ या तिघांपैकी निदान एकाला तरी गाठावं. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.